महापालिकेचा माणूस टेप घेऊन दारात आला तर: कोल्हापुरातली बांधकाम तपासणी आणि नोटिसा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नकाशे काढायचे, परवान्याच्या फायली घेऊन महापालिकेचे जिने चढायचे आणि कुणाला नोटीस आली की ती त्याला समजावून सांगायची, हे माझं रोजचं काम. नोटीस मराठीतच असते, तरी समजावून सांगावी लागते. प्रश्न बहुतेक तेच तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. ज्याच्या दाराला नोटीस खरोखर डकवलेली आहे त्याने हे वाचून वकील टाळू नये. वकिलाकडे जाताना हातात कोणते कागद असावेत, एवढं यातून नक्की कळेल.

तपासणीला येतो तो नेमका कोण, आणि त्याला हा अधिकार कुठून मिळतो?

बहुतेक वेळा विभागीय कार्यालयाचा कनिष्ठ अभियंता येतो. सोबत एखादा मुकादम किंवा सर्व्हेअर असतो. शहरात अशी चार कार्यालयं आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. आपली मिळकत यातल्या कुठल्या कार्यालयाखाली येते हे आधी माहीत करून घ्या. निम्मी धावपळ तिथेच वाचते.

अधिकार मुळात आयुक्तांचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा त्याचा पाया. जुन्या कागदांवर तोच कायदा 'मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम' या नावाने दिसेल, गोंधळू नका. आयुक्त काही घरोघर फिरू शकत नाहीत, म्हणून कलम ६९ खाली ते आपले अधिकार लेखी आदेशाने खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवतात. अनधिकृत बांधकामाच्या कारवाईसाठी 'पदनिर्देशित अधिकारी' नेमलेला असतो. तेव्हा विचारायचा प्रश्न "तुम्ही कोण?" हा नव्हे, तर "ही नोटीस कोणाच्या सहीची, आणि त्या सहीला अधिकार देणारा आदेश कोणता?" हा. आदेशाची प्रत माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते.

दुसरा कायदा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. बोलताना सगळे त्याला 'एमआरटीपी' म्हणतात. महापालिका त्याखाली 'नियोजन प्राधिकरण' आहे. एकाच बांधकामावर कधी या कायद्याने, कधी त्या कायद्याने नोटीस निघते. लोक गोंधळतात ते इथेच.

न विचारता घरात शिरता येतं का?

राहतं घर असेल तर नाही. महापालिका कायद्यात प्रवेशाचा अधिकार दिला आहे, पण मोकळा सोडलेला नाही. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात यायचं नाही. राहत्या घरात राहणाऱ्याची संमती नसेल तर आधी चोवीस तासांची लेखी सूचना द्यायची. घरातल्या बायकांना बाजूला व्हायला पुरेसा वेळ द्यायचा आणि घरच्या चालीरीतींचा मान राखायचा. देवघरात चपला घालून शिरणाऱ्याला "बाहेर काढा" म्हणायचा हक्क तुम्हाला कायद्यानेच दिला आहे.

पण ही सवलत राहत्या घराची. रस्त्यावर उभं राहून स्लॅब मोजता येतो, समोरच्या गच्चीवरून फोटो काढता येतो. चालू बांधकामाच्या साइटवर तर परवान्याच्या अटींतच तपासणी मान्य केलेली असते. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी, काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे इमारत वापरायला परवानगी देणाऱ्या दाखल्यासाठी, तपासणी, ही तुम्हीच मागायची असते.

दारात अडवलं तर काय होईल?

शांतपणे "ओळखपत्र दाखवा, लेखी सूचना दाखवा" म्हणणं म्हणजे अडवणं नव्हे. टेप हिसकावणं, ढकलाढकली करणं, तालमीतली पोरं गोळा करणं, हे अडवणं. सरकारी कामात अडथळ्याचं कलम भारतीय न्याय संहितेत २२१ आहे, आणि अंगावर हात गेला तर १३२. पूर्वी ज्याला सगळे '३५३' म्हणायचे तेच हे. एका तणातणीपायी बांधकामाची साधी फाइल फौजदारी होऊन बसलेली मी पाहिली आहे. स्लॅब राहिला बाजूलाच, मालक दीड वर्ष तारखांना फिरत होता.

तपासणीत नक्की बघतात काय?

मंजूर नकाशा आणि जागेवरची वस्तू यांच्यातला फरक. बाकी काही नाही.

मागे शिवाजी पेठेतल्या एका घरी मी हजर होतो. मालकाचं म्हणणं, "चार पत्रे टाकल्यात साहेब, त्यात काय एवढं?" अभियंत्याने वर बघितलंही नाही. त्याने टेपचं टोक मागच्या हद्दीच्या भिंतीला लावलं, मुकादमाने दुसरं टोक तुळशीवृंदावनाला वळसा घालून घराच्या भिंतीपर्यंत नेलं. नकाशात मागे दीड मीटर मोकळी जागा होती. टेपवर आली नव्वद सेंटिमीटर. साठ सेंटिमीटर मोरीने खाल्ले होते, आणि ती मोरी मालकाच्या वडिलांनी बांधलेली. पत्र्यांचा विषय तिथेच मागे पडला. वहीत पहिली ओळ लिहिली गेली ती 'सामासिक अंतरात पक्के बांधकाम' अशी. सामासिक अंतर म्हणजे हद्दीपासून सोडायची मोकळी जागा.

तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशी स्वतःच टेप घेऊन फिरा. चारही बाजूंची मोकळी जागा, मजले, पार्किंग, बाल्कनी आणि जिना बघा. पार्किंगमध्ये गाळा काढला असेल तर तो सगळ्यात आधी सापडतो. त्याचं शटर रस्त्यावरूनच दिसतं. काम झाकलेलं असेल आणि ते नियमाविरुद्ध असल्याचा संशय असेल तर कलम २६१ खाली ते फोडून दाखवायलाही सांगता येतं. पण त्यासाठी लेखी नोटीस लागते, तोंडी हुकूम चालत नाही.

पंचनाम्यावर सही करायची का?

करा, पण वाचून. मजकूर पटला नाही तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही', आणि जमल्यास कारणही एका ओळीत. "मागची खोली १९९० पासूनची, नवीन नाही" एवढं पुरे. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. तुमचेही फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे. माझ्या मते घराची लढाई दारात नसते, या कागदात असते. सहा महिन्यांनी सुनावणीला बसणाऱ्या अधिकाऱ्याने तुमचं घर पाहिलेलं नसतं, पंचनामा तेवढा पाहिलेला असतो.

किरकोळ दुरुस्तीलाही परवाना लागतो?

गिलावा, रंग, फरशी, दारं-खिडक्या बदलणं, आहे त्याच उंचीवर कौलं किंवा पत्रे बदलणं, याला लागत नाही. भिंत सरकवली, उंची वाढवली, पोटमाळ्याचा मजला केला, बाल्कनी खोलीत घेतली, की ती दुरुस्ती राहत नाही. नियम सध्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतले, म्हणजे लोक 'यूडीसीपीआर' म्हणतात ते. डिसेंबर २०२० पासून ते लागू आहेत. १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडांना त्यात सोपी वाट दिली आहे. सोपी म्हणजे विनापरवाना नव्हे. नकाशा आणि शुल्काची पावती तिथेही लागतेच.

नोटिशीवर वेगवेगळी कलमं असतात. त्यांचा अर्थ काय?

नोटीस हातात आली की आधी कलम शोधा, मजकूर नंतर वाचा.

कलम २६०, महापालिका कायदा: परवान्याविना किंवा नियमाविरुद्ध बांधकाम. ही 'कारणे दाखवा' नोटीस असते. म्हणजे अजून निर्णय झालेला नाही, तुमचं म्हणणं मागितलं आहे. लेखी द्यायचं किंवा दिलेल्या दिवशी हजर राहायचं. गप्प बसलात, तर कारण दाखवलं नाही असं धरून पुढचा आदेश निघतो, आणि पाडण्याचा खर्चही तुमच्याच माथी.

कलम २६७: काम चालू आहे, ते थांबवा. ऐकलं नाही तर कामावरची माणसं हटवता येतात, पोलिसांची मदत घेऊन.

कलम ४७८: जिथे लेखी परवानगी लागते तिथे ती न घेता केलेलं काम.

कलम २३१: रस्त्यावरचं अतिक्रमण. यात नोटिशीची वाट बघायची गरज नसते. महाद्वार रोडवर सकाळी मांडलेला कट्टा दुपारी ट्रॉलीत दिसतो तो याच्या जोरावर.

कलम २६४: इमारत पडायला आली आहे. हिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

एमआरटीपीचं कलम ५३: अनधिकृत विकास काढून टाका. कलम ५४ चालू काम थांबवण्याचं. कलम ५२ शिक्षेचं, एक महिना ते तीन वर्षं कैद, वर दंड. कलम ५३ मध्ये एक पोटकलम आहे जे लोकांना कुणी सांगत नाही: नोटिशीच्या मुदतीत तुम्ही ते बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीचा अर्ज केलात, तर त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस तिथेच थांबते. मुदत टळली की हा दरवाजा बंद. म्हणून नोटीस मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो.

उत्तरात काय लिहायचं?

"आम्ही चार पिढ्या इथंच राहतोय" हे लिहू नका. खरं असेल, पण त्याने फाइल हलत नाही. मिळकत पत्रिका, जुना मंजूर नकाशा, घरफाळ्याचे जुने उतारे, लाइट बिल, बांधकामाचं वय दाखवणारं जे असेल ते जोडा. नोटिशीतला सिटी सर्व्हे नंबर, मजला आणि मोजमाप बरोबर आहे का ते तपासा. चूक असेल तर ती पहिल्याच परिच्छेदात मांडा. जे खरोखर वाढीव आहे ते कबूल करून 'नियमित करण्याचा अर्ज सोबत जोडला आहे' असं लिहिणाऱ्याचं काम, सगळंच नाकारणाऱ्यापेक्षा लवकर मार्गी लागतं. आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. "साहेबांच्या टेबलावर ठेवून आलोय" याला पुरावा नसतो.

नोटीस आल्यावर किती दिवसांत पाडतात?

१३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने यावर देशभरासाठी निर्देश दिले. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि इमारतीवरही डकवायची. ती मिळाल्यापासून किमान पंधरा दिवस, किंवा स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर तेवढी. त्यानंतर प्रत्यक्ष सुनावणी, तिची नोंद. अंतिम आदेशात कारणं हवीत: बांधकाम नियमित होण्यासारखं आहे का, आणि पाडणं हाच एक मार्ग का उरला. आदेशानंतर आणखी पंधरा दिवस, म्हणजे मालकाला स्वतः काढून घेता यावं किंवा कोर्टात जाता यावं. पाडताना व्हिडिओ काढायचा. हे निर्देश मोडणाऱ्या अधिकाऱ्याला अवमानाला तोंड द्यावं लागेल आणि नुकसान स्वतःच्या खिशातून भरून द्यावं लागेल, असंही निकालात आहे.

पण सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी आणि पाणवठे, आणि जिथे कोर्टानेच पाडायला सांगितलं आहे ती प्रकरणं यातून वगळली आहेत. नाल्याच्या पात्रात भराव टाकून खोली बांधणाऱ्याने 'पंधरा दिवस' म्हणत बसू नये.

दिवाणी कोर्टातून स्टे आणता येईल का?

पूर्वी सगळे तेच करायचे. आता महापालिका कायद्यात कलम ४३३-अ आहे. पदनिर्देशित अधिकाऱ्याने २६०, २६१, २६४, २६७, ४७८ खाली काढलेली नोटीस किंवा आदेश दाव्यात आव्हान देता येत नाही. उरते ती उच्च न्यायालयातली रिट याचिका. तिच्यासाठी पूर्वी रातोरात मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, वकिलांनी कितीतरी वर्षं चालवलेल्या आंदोलनाचं हे फळ. नोटीसवाल्यांचं रेल्वेचं तिकीट वाचलं, वकिलाची फी मात्र तीच आहे. आणि कोर्ट पहिला प्रश्न विचारतं तो हाच: नोटिशीला उत्तर दिलं होतं का?

आम्ही घरफाळा भरतो, मग बांधकाम अनधिकृत कसं?

हा प्रश्न रोज येतो. घरफाळा हा कर आहे, परवाना नव्हे. वापर आहे तिथे कर, एवढाच त्याचा हिशेब. उलट कलम २६७-अ खाली अनधिकृत बांधकामावर दुपटीने शास्ती लावता येते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. पावतीवर तसं छापलेलंही असतं, बारीक अक्षरात. पाण्याच्या आणि लाइटच्या कनेक्शनचंही तेच. १७ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या एका निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वीज, पाणी आणि मलनिस्सारणाची जोडणी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला बघूनच द्यावी, आणि बँकांनी कर्जही.

नियमित करून मिळतं का?

नियमात बसणारं, पण परवाना न घेतलेलं असेल तर मिळू शकतं, शुल्क आणि दंड भरून. नियमातच न बसणारं, म्हणजे रस्त्याच्या रुंदीत, विकास आराखड्यातल्या आरक्षणात किंवा पार्किंगच्या जागेत असेल, तर अवघड. एमआरटीपीच्या कलम ५२-अ ची 'प्रशमित संरचना' सवलत, म्हणजे दंड घेऊन बांधकाम मान्य करण्याची सोय, ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांपुरती आहे. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटांचा, कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. उपनगरांत गुंठ्यावर प्लॉट घेतलेल्यांनी आपली फाइल नियमित झाली की नुसती दाखल झाली, हे एकदा बघून घ्यावं. दाखल केल्याची पावती लॅमिनेट करून ठेवलेले लोक मला भेटतात.

पूररेषेत घर आहे. तिथे वेगळे नियम आहेत?

आहेत, आणि २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर ते कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. नकाशावर मात्र बघायच्या त्या दोन रेषा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात नवीन बांधकाम नाही. निळी ते लाल यात अटींवर, जोता लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच ठेवून. प्लॉट घेताना विकणारा "इकडं पाणी येत नाही" म्हणाला, तर शेजारच्या भिंतीवरची चिखलाची रेघ बघा, आणि मग नगररचना विभागातून त्या गटाचा झोन दाखला काढा.

जुना वाडा 'धोकादायक' ठरवला आहे. भाडेकरू म्हणून आमचं काय?

पावसाळ्याआधी पेठांमध्ये या नोटिसा निघतात. कलम २६४ खाली दुरुस्त करा, टेकू द्या किंवा उतरवा, असं सांगता येतं. जागा रिकामी करायला लावण्याचा अधिकार कलम २६८ मध्ये आहे. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कलम २६५-अ खाली मालकाने करून घ्यायची असते. मालकाचा अहवाल "पाडा" म्हणतो आणि भाडेकरूचा "दुरुस्त होईल", असं नेहमीच होतं. दोन्ही महापालिकेपुढे ठेवा.

इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून बाहेर पडण्याआधी आपल्या ताब्यातल्या खोल्यांचं मोजमाप महापालिकेकडून लेखी करून घ्या. पण पाया खचलेल्या भिंतीखाली हक्क धरून झोपू नका. जुलैतली मातीची भिंत रात्रीच बसते.

शेजाऱ्याने आकसाने तक्रार केली आहे. ती ग्राह्य धरतात का?

हेतू बघत नाहीत, टेप बघतात. तक्रार कुणीही करू शकतो, आणि बहुतेक फायली शेजारच्याच उंबऱ्यातून सुरू होतात. तुमचं खरं असेल तर तपासणी तुमच्याच फायद्याची. हेही लक्षात ठेवा की तक्रारदाराचं स्वतःचं वाढीव काम त्याच फेरीत मोजलं जातं. एका गल्लीत दोघांनी एकमेकांवर तक्रारी केल्या आणि दोघांचेही सज्जे उतरले. आता दोघं मिळून तिसऱ्यावर तक्रार करायच्या विचारात आहेत.

नगरसेवकाला सांगून थांबवता येईल का, हा याच्याच पोटातला प्रश्न. कायद्यातच आहे की नगरसेवकाने स्वतः अनधिकृत बांधलं किंवा कारवाईत अडथळा आणला तर त्याचं पद जाऊ शकतं. तुमच्या गच्चीवरच्या खोलीसाठी तो ते पणाला लावेल का, ते तुम्हीच ठरवा.

आमचं घर पाचगावला आहे. आम्हाला महापालिका नोटीस देऊ शकते?

नाही, ते महापालिकेच्या हद्दीत नाही. शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण नेमलं, तिथे ते बघतं. एमआरटीपीची कलमं तिथेही तीच. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हा बांधकाम परवाना नव्हे, एवढं घर विकत घेताना विसरू नका.

तपासणीला आलेल्यांना चहा दिला तर चालतो का?

द्या की. कोल्हापुरात दारात आलेल्याला चहा विचारला नाही तर काकीच ओरडतील. वर उल्लेख केलेल्या तुळशीवृंदावनाच्या घरीही नव्वद सेंटिमीटर लिहून झाल्यावर सगळ्यांनी चहा घेतला, आणि नोटीस आठवड्याने यायची ती आलीच. चहाबरोबर कुणी 'मिटवून टाकू'चा आकडा सांगितला, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. फोन लावायच्या आधी पैसे देऊ नका.